नवी गाडी, सोलापूरची धूळ आणि सिरॅमिक कोटिंग: पहिल्यांदा करून घेणाऱ्यांसाठी

अक्कलकोटचे एक गुरुजी काळी सेडान घेऊन आमच्या कोटिंगच्या वर्कशॉपमध्ये आले होते. गाडी शोरूममधून निघून पुरते दोन महिने झाले नव्हते. "कोटिंग करायचंय. गाडी एकदम नवीकोरी आहे बघा, रोज सकाळी पुसतो की ओ मी, एक दिवस चुकवला नाही," गुरुजी म्हणाले. गाडी आत घेतली, शटर निम्मं खाली ओढलं आणि बोनेटवर तपासणीचा दिवा धरला. दिव्याच्या उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटल्या. दिवा सरकवला की जाळं सोबत सरकायचं. गुरुजींनी बोनेटवरून नख फिरवून पाहिलं, नख कुठंच अडकलं नाही. "मग हे आलं कुठनं?" त्यांनी विचारलं.

ते त्यांच्या फडक्यातून आलं होतं. हा लेख मी त्यासाठीच लिहितोय. नव्या गाडीवर दगड उडण्याआधी, कुणी घासून जाण्याआधी तिचा रंग आपण स्वतः प्रेमानं खराब करतो. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा काचेसारखा पातळ थर, करायचं की नाही हा नंतरचा प्रश्न आहे. कोरड्या फडक्यानं आणि पिसाच्या झटकणीनं गाडी पुसणं आधी सोडलं पाहिजे, नाहीतर महागातलं महाग कोटिंगही पाण्यात गेलं म्हणून समजा.

सोलापुरात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडं धूळ बारमाही आहे. पाऊस कमी, ऊन कडक, काळी माती सुकली की पिठासारखी उडते, त्यात रस्ता कुठं ना कुठं खोदलेला असतोच. या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते गाडीच्या वरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. फडका फिरवला की हे कण फडका आणि रंग यांच्यात सापडतात आणि घासत जातात. रेघा खरं तर सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून त्या गोल दिसतात. आमच्या धंद्यात त्यांना स्वर्ल म्हणतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर त्या लपतात, काळ्या, गडद निळ्या आणि मरून गाडीवर उन्हात लगेच डोळ्यांत भरतात.

रंगाच्या वर नेमकं काय असतं

पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे तो पारदर्शक थर. हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतं. त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. गाडीची चमक हाच थर देतो, उन्हापासून रंगाला हाच वाचवतो. मशिननं पॉलिश करून स्वर्ल काढतात तेव्हा हाच थर एक-दोन मायक्रॉन झिजवला जातो, पॉलिश जोराचं असेल तर त्याहून जास्त. ही पुंजी मर्यादित आहे. दर वर्षी रबिंग करून गाडी चमकवून देणाऱ्यांकडं नेऊ नका म्हणतो ते याचमुळं.

सिरॅमिक कोटिंग या क्लिअर कोटवर बसतं. बाटलीतलं द्रव मुख्यतः सिलिकाच्या कुळातल्या रसायनाचं असतं. ते पसरलं की त्यातला द्रावक उडून जातो आणि हवेतल्या ओलाव्याशी क्रिया होऊन काचेसारखा कडक, घट्ट चिकटलेला पातळ थर उरतो. किती पातळ? बहुतेक कोटिंग एक मायक्रॉनच्या आसपास असतात. एवढा थर उडत्या खड्याला अडवणार कसा? तरी "दगड लागला तरी काही होत नाही" असं सांगून विकणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून निघून यावं.

मग त्याचा उपयोग काय? धूळ, चिखल, काजळी कमी चिकटते आणि पाण्याच्या फवाऱ्यानंच बरीचशी निघून जाते, त्यामुळं घासण्याची गरज कमी पडते. घासणं कमी झालं की स्वर्ल कमी होतात. पक्ष्याची विष्ठा, किड्यांचे डाग, झाडाचा चीक यांना थोडा जास्त वेळ तोंड देता येतं. चमकही खोल दिसते. माझ्या मते सोलापूरच्या माणसासाठी गाडी लवकर स्वच्छ होणं हाच यातला सगळ्यात मोठा फायदा आहे, कारण आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही.

बाटल्यांवर ९ एच असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा पेन्सिलीच्या कडकपणाचा आहे. वेगवेगळ्या पेन्सिली ठरावीक दाबानं थरावर ओढून कोणती ओरखडा पाडते ते पाहण्याची ती चाचणी आहे. हिऱ्याला १० देणारी खनिजांची मोजपट्टी वेगळी. ९ एच ऐकून कोटिंग हिऱ्याच्या खालोखाल कठीण असेल असं समजू नका. या चाचणीची नेहमीची पट्टी ९ एचलाच संपते, त्यामुळं कुणी १० एच सांगत असेल तर तो काय विकतोय ते ओळखा. बोनेटवर लायटर पेटवून दाखवणं, माचिस घासणं हेही निव्वळ प्रदर्शन.

दगडांपासून खरंच वाचायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म लागते. ही १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक लवचीक फिल्म असते. खडा तिच्यावर आदळून जिरतो आणि बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेनं आपोआप भरून येतात. ती कोटिंगच्या कैकपट महाग पडते. पुणे-हैदराबाद महामार्गावर आठवड्यातून दोनदा ये-जा असेल, पुढं खडीचे डंपर आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतील, तर पुढचा बंपर, बोनेट आणि आरसे एवढ्याला फिल्म आणि बाकी गाडीला कोटिंग, हा मला सगळ्यात शहाणपणाचा खर्च वाटतो. गाडी सोलापुरातल्या सोलापुरात, सात रस्ता ते होटगी रोड एवढीच फिरणार असेल तर फिल्मची काही गरज नाही.

पहिली पायरी: गाडी ताब्यात घेण्याआधी

बुकिंग करतानाच सेल्समनला सांगा, आणि जमलं तर मेसेजमध्ये लिहून ठेवा: "आमची गाडी धुवायची नाही, पुसायची नाही, पॉलिश मारायचं नाही. धूळ असली तरी तशीच द्या." त्याला नवल वाटेल, वाटू द्या. यार्डातून आलेली गाडी डिलिव्हरीच्या सकाळी घाईघाईत धुतात. आधीच्या दहा गाड्या पुसलेलाच फडका तुमच्या गाडीवर फिरतो. स्वर्लची पहिली खेप तिथंच पडते. शोरूममध्ये जे कोटिंग अ‍ॅक्सेसरीजच्या यादीत आधीच घालून ठेवलेलं असतं, ते नको असेल तर काढायला सांगा. काम कुणी, कुठं आणि कोणत्या उजेडात केलं ते तुम्हाला दिसत नाही.

नोंदणी होण्याआधी दिवसाउजेडी गाडी पाहून घ्या. वाहतुकीत घासलेला पॅनल यार्डातच रंगवून मिळण्याचे प्रकार घडतात. डिटेलिंगवाल्याकडं (गाडीची बारीक सफाई, पॉलिश, कोटिंग करणाऱ्याकडं) रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, त्याला सोबत न्या. सगळ्या पत्र्यांवर आकडे साधारण जवळजवळ यायला हवेत. चार ठिकाणी ११० आणि एका दरवाजावर २५० आलं तर तो दरवाजा नंतर रंगवलाय. साधं यंत्र प्लॅस्टिकच्या बंपरवर आकडा देत नाही, तिथं डोळ्यांनीच पाहायचं. ही तपासणी कोटिंगसाठीही लागते. कारखान्याचा रंग भट्टीत भाजलेला असतो, त्यावर दुसऱ्याच दिवशी कोटिंग चालतं. गॅरेजमध्ये रंगवलेल्या पॅनलला मात्र महिनाभर तरी श्वास घेऊ द्यावा लागतो.

आता पूजेचं. दसरा, पाडवा आणि दिवाळीत आपल्याकडं गाड्यांची रांग लागते आणि गाडी घेऊन आधी सिद्धेश्वराच्या देवळाकडं जायचं हे ठरलेलं असतं. जायलाच हवं. फक्त बोनेटवर स्वस्तिक काढताना कुंकू नुसत्या पाण्यात कालवा, तेलात नको. कोरडं हळदकुंकू बोटानं रगडू नका, ओलं बोट हलकं टेकवा. नारळ बंपरपासून हातभर लांब जमिनीवर फोडा, करवंटीची कपची उडते. पूजा झाल्यावर घरच्या मंडळींना एवढंच सांगा की कुंकू फडक्यानं पुसायचं नाही. तासा-दोन तासांत भरपूर पाणी ओतून वाहून जाऊ द्यायचं. हळद उन्हात तशीच राहिली तर पांढऱ्या गाडीवर पिवळसर छटा धरते.

दुसरी पायरी: जागा निवडताना

दर विचारण्याआधी जागा पाहा. रस्त्याकडं उघडं, समोरून रिक्षा-ट्रक जाताहेत आणि पंख्याखाली कोटिंग चालू आहे, अशा ठिकाणी गाडी देऊ नका. बंद खोली, धुवून काढलेली फरशी, भिंतीवर उभे-आडवे दिवे आणि वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे फडके दिसले पाहिजेत. चाकाचा फडका आणि बोनेटचा फडका एकाच बादलीत दिसला तर काही विचारायची गरज नाही.

मग बोला. कोटिंगच्या आधी पॉलिश करणार का, किती तास? बाटली कोणती, सीलबंद माझ्यासमोर उघडाल का? एका गाडीला ३० ते ५० मिलिलिटर पुरतं आणि एकदा उघडलेली बाटली हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होऊ लागते, म्हणून हा प्रश्न फुकटचा नाही. वॉरंटी कार्डावर बॅच नंबर येणार का, वर्षातून किती वेळा तपासणीला यावं लागेल, त्याचे पैसे वेगळे का? 'पाच वर्षांची वॉरंटी' म्हणजे बहुतेक वेळा 'दर सहा महिन्यांनी पैसे भरून आलात तरच' असं असतं. ते आधी कळलं तर भांडण होत नाही. पक्कं बिल घ्या. आणि "पाच लेअर मारतो" याला भुलू नका. दोन नीट बसवलेले थर पुष्कळ झाले. एका थरावर दुसरा किती चिकटतो याला मर्यादा असते.

दुपारी गाडी दिली आणि संध्याकाळी कोटिंग होऊन मिळाली, हे होऊच शकत नाही. न धुतलेल्या कोऱ्या गाडीला दीड-दोन दिवस आणि गुरुजींसारख्या गाडीला तीन दिवस लागतात.

तिसरी पायरी: काम चालू असताना काय पाहायचं

शक्य असेल तर पहिल्या दिवशी तासभर थांबा. चांगला कारागीर तुमच्या थांबण्यानं वैतागत नाही.

आधी हात न लावता दाबाच्या पाण्यानं धूळ उडवतात, मग फेस मारून मुरू देतात, आणि त्यानंतर मऊ हातमोज्यानं वरून खाली धुतात. मग लोहकण काढायचं द्रव फवारतात. हा भाग बघण्यासारखा असतो. पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. नव्या गाडीवर लोखंड कुठून आलं, असं वाटेल. ब्रेकची भुकटी असते, आणि गाड्या रेल्वेनं आल्या असतील तर रुळांवरची लोखंडी धूळही असते. हे कण तापून रंगात रुततात आणि पुढं गंजून नारिंगी ठिपके होतात. त्यानंतर डांबराचे ठिपके काढायचे आणि क्ले, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा फिरवायचा. क्ले लागणार का हे तुम्हालाही तपासता येतं: धुतलेल्या ओल्या बोनेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं हलकेच सरकवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागतो. क्लेनंतर तोच काचेसारखा लागतो.

मग पॉलिश. कोऱ्या, न पुसलेल्या गाडीला हलका हात पुरतो. यात कंजूषी होऊ देऊ नका, कारण कोटिंगखाली जे राहील ते तसंच दिसत राहतं, उलट चमकेमुळं जास्तच दिसतं. गुरुजींच्या गाडीला दोन दिवस पॉलिशलाच गेले. पॉलिशचं तेल स्वर्ल तात्पुरते भरून टाकतं, म्हणून शेवटी अल्कोहोलच्या द्रावणानं प्रत्येक पॅनल पुसून तेल काढायलाच हवं. तेव्हा दिव्याखाली खरी परिस्थिती दिसते. तेल राहिलं तर कोटिंग त्या तेलावर बसतं आणि तीन महिन्यांत निघून जातं.

आता कोटिंग. लहान ठोकळ्यावर मऊ कापड गुंडाळून त्यावर पाच-सात थेंब टाकायचे आणि दीड-दोन फुटांच्या चौकोनात आधी आडवं, मग उभं पसरायचं. काही क्षणांत तो भाग पाण्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखा सप्तरंगी दिसू लागतो. रंग उमटून स्थिरावला की तलम मायक्रोफायबरच्या फडक्यानं सपाट पुसायचं. लवकर पुसलं तर थर निघून येतो, उशीर झाला तर जागीच घट्ट होऊन काळपट पट्टा राहतो. त्याला हाय स्पॉट म्हणतात आणि तो वाळल्यावर पॉलिश करूनच काढावा लागतो. सगळी कारागिरी या एक-दोन मिनिटांत आहे.

आणि इथंच सोलापूर आडवं येतं. हे काम २०-२५ अंशांच्या आसपास निवांत होतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२-४३ वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये पसरलेलं द्रव हात फिरण्याआधीच सुकतं. सुरुवातीच्या काळात मी एका मे महिन्यात दुपारी दोन वाजता एका गाडीचं छत करायला घेतलं होतं. छताच्या मधोमध चार पट्टे राहिले आणि ते सगळं छत रात्रभर बसून पुन्हा केलं. तेव्हापासून उन्हाळ्यात मी काम पहाटे किंवा एसीच्या खोलीतच करतो. तुम्हाला घाई नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. पाडव्याला गाडी घेणार असाल तर एसीची खोली आहे का हे आधी विचारा.

गाडी घेताना उन्हात उभी करून चारही बाजूंनी तिरक्या नजरेनं पाहा. हाय स्पॉट तिथल्या तिथं दाखवा.

पहिले सात दिवस

पहिले २४ तास पाण्याचा थेंबही नको. आठवडाभर शाम्पू नको, धुणं नको. विष्ठा पडली तर मात्र ओला टिश्यू ठेवून लगेच उचला. गाडी झाडाखाली लावू नका. मोहोरातल्या कडुलिंबाखाली तर नकोच, आणि वड-पिंपळाखाली पाखरं फळं खाऊन बसलेली असतात. आठवडा सुट्टीचा असेल असा निवडा.

पुढं धुणं कसं

आपल्या पाण्याबद्दल आधी बोलू. तुमच्या कूलरच्या जाळीवर उन्हाळ्याच्या शेवटी जो पांढरा कडक थर दिसतो, तोच क्षार बोअरचं पाणी गाडीवर सुकलं की तिथं बसतो. कोटिंग यापासून वाचवत नाही. पाण्याचे गोल थेंब होतात ते दिसायला सुरेख, पण उन्हात सुकले तर प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरी कडी राहते, आणि ती जुनी झाली की शाम्पूनं निघत नाही. म्हणून बोअरच्या पाण्यानं धुतली तर सावलीत, सकाळी आठच्या आत, पत्रा गार असताना धुवा आणि मोठ्या जाड टॉवेलनं लगेच कोरडी करा. टॉवेल पसरून ठेवायचा आणि अलगद ओढायचा, रगडायचा नाही. आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात, ते तर आणखी क्षाराचं असतं, ते फरशीला ठेवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र बादलीत साठवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात, शेवटच्या हाताला ते उत्तम.

पाणी कमी असेल तेव्हा रिन्सलेस शाम्पू, म्हणजे नंतर पाण्यानं धुवून काढावा न लागणारा शाम्पू सोयीचा. एका बादलीत झाकणभर मिसळायचा, सात-आठ मायक्रोफायबर त्यात भिजवायचे, एक फडका एका पॅनलला, प्रत्येक घडीची स्वच्छ बाजू वापरायची. आधी त्याच पाण्याचा फवारा मारून धूळ भिजवायची. चिखल किंवा वाळू असेल तर मात्र आधी पाण्याचा जोर हवाच. साध्या धुण्याला दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. चाकं शेवटी, त्यांचा फडका वेगळा. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड गाडीजवळ आणू नका.

रोजची धूळ तशीच राहू द्या. खरंच सांगतो, धुळीची गाडी वाईट दिसते पण तिला काही होत नाही. समोरची काच पाणी मारून वायपरनं साफ करा आणि कामाला निघा. धुळीच्या अंगावर कव्हरही घालू नका, वारा सुटला की ते आतून पॉलिश पेपरसारखं घासतं.

विष्ठेला मात्र दुपारपर्यंत थांबू नका. उन्हात क्लिअर कोट तापून मऊ पडतो, गार होताना त्या डागाभोवती आवळला जातो आणि कायमचा खड्डा राहतो. ओलं कापड पाच मिनिटं ठेवा, वाळलेला भाग सुटला की वरच्या वर उचला. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाडीवर बगॅसची (उसाच्या चोथ्याची) काळी काजळी पडते, ती आधी फुंकून किंवा पाण्यानं घालवा. हात लावला की तेलकट काळे पट्टे उठतात.

वर्षभरानं बरेच जण येतात आणि म्हणतात, "कोटिंग गेलं, पाणी गोल होत नाही." बहुतेक वेळा कोटिंग जागेवर असतं, त्यावर क्षार आणि रस्त्याची घाण बसलेली असते. घरी तपासायचं असेल तर बोनेटचा वीतभर भाग चांगल्या शाम्पूनं दोनदा धुवा, लोहकण काढायचं द्रव मारून खळबळा आणि तिथंच पाणी ओता. तेवढ्याच भागात थेंब उभे राहिले आणि आजूबाजूला पाणी पसरून पडलं, तर कोटिंग शाबूत आहे. सगळ्या गाडीला तीच सफाई हवी आहे, नव्या कोटिंगचे पैसे नको. थेंब कुठंच उभे राहिले नाहीत, तर वॉरंटी कार्ड घेऊन ज्यानं केलं त्याच्याकडं जा.